चतकोर गोळी

आमच्या घरांत रक्तदाबाची गोळी घेणारे दोघे जण आहेत. एक मी आणि दुसरी आमची मांजरी. औषध दोघांचें एकच, ॲम्लोडिपिन. दुकान एकच, आणि गेल्या सहा महिन्यांपासून पाकीटहि एकच. फरक एवढाच, कीं मी २.५ मिलीग्रॅमची सबंध गोळी घेतों आणि तिला त्या गोळीचा चतकोर पुरतो. रोज सकाळीं सात वाजतां मी चष्मा लावून जेवणाच्या टेबलापाशीं बसतों आणि त्या एवढ्याशा गोळीचे चार सारखे भाग करण्याच्या उद्योगाला लागतों. प्रारंभीं मीं त्यासाठीं आईचा अडकित्ता वापरून पाहिला. सुपारीपुढें कधीं न हरलेल्या त्या अडकित्त्यानें गोळीचें पीठ करून टाकलें. आतां पातें बसविलेली एक डबी बाजारांतून आणली आहे. तरीहि चारांतला एक तुकडा नेहमीं इतरांहून मोठा निघतो, आणि भाऊबंदांच्या वाटणीप्रमाणें तो कोणाच्या वांट्याला घालावा हा प्रश्न उरतोच.

मांजरीचें नांव गौरी. नांवावरून ती गोरी असेल असें मात्र समजूं नका. ती डांबरासारखी काळी आहे. चौदा वर्षांपूर्वीं ज्येष्ठागौरींच्या आवाहनाच्या दिवशीं, पावसांत भिजलेलें एक मूठभर पिल्लू आमच्या जिन्यांत ओरडत बसलें होतें. काळें मांजर आणि तेंहि सणाच्या दिवशीं, म्हणून शेजाऱ्यांनीं नाकें मुरडलीं. आई म्हणाली, "मांजर म्हणजे षष्ठीचें वाहन. आणि आजच्या दिवशीं जी उंबऱ्यांत पाऊल टाकील ती गौरीच." आईच्या शब्दावर आमच्या घरांत अपील नव्हतें. गौरी राहिली व आईच्या पायांशीं निजूं लागली. तीन वर्षांपूर्वीं आई गेली, तेव्हां कित्येक दिवस ती त्या रिकाम्या पलंगावरून उतरली ती केवळ खाण्यापुरती.

गेल्या वर्षीं पावसाळ्याच्या अखेरीस ती पाणी फार पिऊं लागली. न्हाणीघरांतल्या बादलीच्या कांठावर पुढचे पाय टेकून ती इतका वेळ लपलप करीत उभी राही, कीं मला तिचें कौतुक वाटे. माणसानें भरपूर पाणी प्यावें असें आरोग्याचीं पुस्तकें सांगतात. हिला तें न वाचतां समजलें, असें मी पत्नीजवळ बोलूनहि दाखविलें. ती म्हणाली, "अहो, पाणी पिते आहे तें खरें, पण तिच्या अंगावरून जरा हात फिरवून बघा. कणा हाताला लागतो." वजन केलें तें ३.१ किलो भरलें. दोन वर्षांपूर्वीं तें ४.२ होतें.

मूत्रपिंड हा फार सोशिक अवयव आहे. मांजराचे पूर्वज कोरड्या मुलखांत वाढलेले. थोड्या पाण्यांत भागवावें आणि मूत्र घट्ट करून उरलेलें पाणी वांचवावें, ही त्यांच्या मूत्रपिंडाची खुबी. त्याचा सुमारें दोनतृतीयांश भाग निकामी होईपर्यंत ती खुबी टिकते. मग मात्र पाणी धरून ठेवतां येत नाहीं, आणि जेवढें जातें तेवढें पुनः प्यावें लागतें. ज्याला मी आरोग्याचें लक्षण समजलों तें रोगाचें पहिलें जाहीर निवेदन होतें. रक्तांतलें क्रिएटिनिन वाढलेलें दिसतें तें तर आणखी उशिरां, सुमारें तीनचतुर्थांश भाग गेल्यावर. गौरीचें क्रिएटिनिन ३.४ आलें. इंटरनॅशनल रीनल इंटरेस्ट सोसायटी या पशुवैद्यांच्या मंडळानें या रोगाच्या चार पायऱ्या ठरविल्या आहेत, २.९ पासून ५ पर्यंतची तिसरी. ज्या भाषेवर मी पोट भरतों त्या इंग्रजी भाषेनें मांजराला नऊ जीव बहाल केले आहेत. मूत्रपिंडें मात्र दोनच. आणि तीं थकलीं कीं नऊच्या नऊ जीव एकदम थकतात.

सुशिक्षित मनुष्य संकटांत सांपडला म्हणजे प्रथम यादी करतो. मींहि केली. पहिल्या दवाखान्यांत बेनाझेप्रिल हें मूत्रपिंडाचें रक्षण करणारें म्हणून, फॅमोटिडिन हें पोटांतलें आम्ल कमी करणारें म्हणून, आणि ब जीवनसत्त्वाचे थेंब शक्तीसाठीं म्हणून मिळाले. दुसरें मत घ्यावें म्हणून दुसऱ्या दवाखान्यांत गेलों, तेथें फॉस्फरस बांधून ठेवणारें ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइड आणि पोटॅशियम यांची भर पडली. लोहाचें टॉनिक मी स्वतःच वाचून सुचविलें व तें कोणी नाकारलें नाहीं. सातवें औषध म्हणजे पुनर्नव्याचा काढा. तो शेजारच्या अण्णांनीं आपल्या गुणाला आला म्हणून बाटलीसकट आणून दिला. अण्णांनीं अंगदुखीसाठीं पॅरासिटामॉलचीहि शिफारस केली होती. पण मांजराच्या यकृताला तें औषध निकालांत काढतां येत नाहीं, आणि माणसाची एक साधी गोळी त्याच्या जिवावर उठते, हें सुदैवानें मीं आधींच वाचलें होतें. तेवढें एक सोडून बाकी सारें घेतलें. फ्रिजच्या दारावर दोन रंगांच्या शाईनें वेळापत्रक लावलें: औषधें सात, तासिका अकरा. तें पाहून माझें मलाच समाधान वाटलें. आमच्या धंद्यांतहि हीच रीत आहे. विद्यार्थी नापास होऊं लागले कीं आम्ही संदर्भग्रंथांची यादी वाढवितों.

मांजराला औषध देणें ही कला टॉवेलानें सुरू होते. त्यांत त्याला बाळंत्यांतल्या मुलासारखें गुंडाळावें, मान वर करावी, जबडा उघडावा आणि गोळी जिभेच्या अगदीं मुळाशीं टाकावी. ती पुढें पडली तर कडू चवीनें तोंडाला फेस येतो, आणि औषध गालिच्यावर व ओरखडे हातावर उरतात. पहिल्या आठवड्यांत आमचे दोघांचेहि प्रयत्न प्रामाणिक होते. दुसऱ्या आठवड्यांत टॉवेल ठेवण्याच्या खणाचा आवाज झाला कीं गौरी नाहींशी होऊं लागली. तिसऱ्या आठवड्यांत माझें पाऊल वाजलें तरी पुरे होई. चौदा वर्षें ज्या हातांनीं तिची मान खाजविली त्या हातांना ती आतां ओळखून टाळूं लागली. ती खाईना. वजन २.९ वर आलें. वेळापत्रकांतला एकहि चौकोन मात्र मीं रिकामा राहूं दिला नव्हता.

एके संध्याकाळीं ती पलंगाखालीं शिरली. तो पलंग आईचा. मी टॉवेल घेऊन, गुडघे टेकून खालीं वांकलों. अंधारांत दोन हिरवे डोळे भिंतीकडे मागें मागें सरकत होते. आणि मला आईची गोळ्यांची डबी आठवली.

आईच्या अखेरच्या वर्षांत ती डबी मी दर रविवारीं भरीत असें. सात वारांचे अठ्ठावीस कप्पे. त्यांतला एकहि कधीं चुकला नाहीं, याचा मला अभिमान होता, आणि येणाऱ्याजाणाऱ्यांनीं तो वाढविलाहि. शेवटच्या महिन्यांत डबीचा खुळखुळाट ऐकला कीं आई भिंतीकडे तोंड करी. "आज नको रे," ती म्हणे. "आई, डॉक्टरांनीं सांगितलें आहे," मी म्हणें. आणि ती तोंड उघडी. त्यांतली कोणती गोळी कशासाठीं होती, आणि ज्यासाठीं ती सुरू केली होती तें कारण अजून उरलें होतें काय, हें मीं डॉक्टरांना एकदांहि विचारलें नाहीं. त्यांनीं सांगितलें असतें. ते भले गृहस्थ होते. विचारलें नाहीं तें मीं. यादी पुरी झाली कीं कर्तव्य पुरें झालें, अशी माझी समजूत होती.

त्या संध्याकाळीं गौरीला मीं गोळी दिली नाहीं. टॉवेल घडी करून ठेवला, आणि दुसऱ्या दिवशीं तिसऱ्या दवाखान्यांत गेलों. खरें सांगावयाचें तर अजूनहि मी आठवें औषध मागावयासच गेलों होतों, भूक लागण्याचें.

तेथील डॉक्टरबाई वयानें माझ्या विद्यार्थिनींएवढ्या. माझी दुरंगी यादी त्यांनीं हातांत घेतली, पाहिली आणि पालथी ठेवली. "सर, यादी नंतर बघूं. आधीं तिला जरा बसूं दे." दिवा मंद केला, टोपलीचें दार उघडें टाकलें, आणि दहा मिनिटें आम्ही तिघेंहि कांहीं न बोलतां बसलों. मग गौरीच्या पुढच्या पायाला मुलाच्या बोटांतल्या अंगठीहून थोडासा मोठा असा एक पट्टा गुंडाळून त्यांनीं रक्तदाब मोजला. पहिला आंकडा सोडून दिला, पुढच्या कांहींची सरासरी काढली. ती १९० भरली. मांजराच्या बाबतींत १६० च्या पुढें चिंता आणि १८० च्या पुढें मोठा धोका समजतात: डोळे, मेंदू, हृदय आणि आधींच थकलेलें मूत्रपिंड, सर्वांनाच. त्यांनीं डोळ्यांत प्रकाश टाकून पाहिलें व सुस्कारा सोडला. पडदा अजून जागेवर होता. "सर, एखाद्या सकाळीं ही आंधळी उठली असती."

सात औषधें चालू होतीं, आणि ज्या एकाची तांतडी होती तेंच त्यांत नव्हतें. कारण सोपें होतें. तें कोणी मोजलेंच नव्हतें.

रक्त आणि मूत्र पुनः तपासून आठवड्यानें आम्ही गेलों, तेव्हां बाईंनीं यादी उलटी केली आणि पेन्सिल घेऊन प्रत्येक ओळीवर एकच प्रश्न विचारला: "हें कशासाठीं?" इतक्या वर्षांत माझ्या एकाहि परीक्षेंत इतका छोटा व इतका अवघड प्रश्न मीं घातलेला नाहीं.

बेनाझेप्रिलचा मुख्य उपयोग मूत्रांतून गळणारीं प्रथिनें कमी करण्याचा. त्या गळतीचें एक प्रमाण मोजतां येतें, ०.४ च्या वर तें औषध द्यावयास कारण असतें. गौरीचें ०.१ होतें. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत १९२ मांजरांवर हें औषध पारखलें होतें. प्रथिनांची गळती त्यानें कमी झाली. पण सर्व मांजरें एकत्र धरतां आयुष्य वाढलें असें सिद्ध झालें नाहीं. शिवाय अंगांतलें पाणी आटलेलें असतां असल्या औषधानें मूत्रपिंडाचें काम अधिकच मंदावूं शकतें. रेघ. फॅमोटिडिन आम्लासाठीं, परंतु या रोगांत मांजराच्या पोटांत आम्ल वाढतें किंवा व्रण होतात असा भक्कम पुरावा सांपडत नाहीं, आणि अमेरिकेतील पशुवैद्यांच्या मंडळानें २०१८ साली काढलेल्या एकमतानें तें सरसकट देण्याची शिफारस केलेली नाहीं. रेघ. पोटॅशियम रक्तांत पुरेसें होतें. रेघ. लोहाचें टॉनिक पांडुरोगासाठीं. पण गौरीला पांडुरोग नव्हता. तो पुढें आलाच तर त्याचें कारण बहुधा निराळें असतें, रक्त बनविण्याची आज्ञा देणारें जें द्रव्य मूत्रपिंड तयार करतें तें कमी पडणें. आणि त्यासाठीं मोलिडुस्टॅट नांवाच्या औषधाला २०२३ साली अमेरिकेंत मांजरांपुरती सशर्त मान्यताहि मिळाली आहे. पण तें पुढचें पुढें. रेघ. ब जीवनसत्त्व निरुपद्रवी खरें. "पण त्यासाठीं रोज तिचें तोंड उघडावें एवढें मोलाचें नाहीं," बाई म्हणाल्या.

फॉस्फरसाच्या ओळीपाशीं त्या थांबल्या. तो ५.९ होता, म्हणजे जास्तच. "हें औषध तुम्ही कसें देतां?" मी अभिमानानें सांगितलें: पिचकारीनें, जेवणाच्या बऱ्याच आधीं, अनशापोटीं. त्या हंसल्या नाहींत, हा त्यांचा मोठेपणा. तें औषध अन्नांतला फॉस्फरस पकडून ठेवतें. पोटांत अन्नच नसेल तर त्यानें पकडावें काय? तीन आठवडे मी दारावर पहारेकरी बसविला होता, तो रस्त्यावर कोणी नसतांना. आधीं कमी फॉस्फरसाचें अन्न हळूहळू चालू करूं, आणि तेवढ्यानें आंकडा उतरला नाहीं तरच हें औषध त्या अन्नांत मिसळूं, असें ठरलें.

उरला पुनर्नवा. त्या वनस्पतीच्या नांवांतच पुनः नवें होण्याचें वचन आहे, आणि मला वाटतें त्या वचनासाठींच मीं ती बाटली इतके दिवस जपली. "मूत्रपिंड पुनः नवें करणारें कांहीं आहे का?" मी विचारलें. जपानांत तोरु मियाझाकी यांनीं मांजराच्या रक्तांतील एका प्रथिनावर केलेलें संशोधन मीं वाचलें होतें. २०१६ साली त्यांनीं दाखविलें कीं मूत्रपिंडाची सफाई सुरू करून देणारें हें प्रथिन मांजराच्या रक्तांत असतें, पण जखडलेलें असतें आणि वेळेला सुटत नाहीं. २०२१ साली ही वार्ता पसरली तेव्हां मांजरें पाळणाऱ्यांनीं त्या कामासाठीं देणग्यांचा पाऊस पाडला. त्या देणाऱ्यांचें मन मला समजतें. बाई म्हणाल्या, "आशा ठेवूं या, सर. पण आज हिच्या मूत्रपिंडाचा गेलेला भाग परत आणणारें औषध माझ्या कपाटांत नाहीं. उरलेला भाग सांभाळणारीं थोडीं आहेत, आणि हिचा दिवस बरा करणारीं थोडीं आहेत. हिचा दिवस कसा जावा असें तुम्हांला वाटतें?"

तीस वर्षें बोलण्यावर उपजीविका केलेल्या मला उत्तर सुचलें नाहीं. माझ्या मनांत ३.४ हा आंकडा होता, आणि तो ३ व्हावा एवढीच इच्छा होती. पत्नी म्हणाली, "गच्चींत उन्हाला बसावी, आपल्या पायांनीं चालत येऊन जेवावी, आणि हांक मारली कीं जवळ यावी." बाईंनीं तें यादीच्या कोपऱ्यांत लिहून घेतलें. पुढचीं सारीं औषधें त्या तीन ओळींवर पारखून घेतलीं गेलीं.

सातांच्या जागीं ॲम्लोडिपिन आलें. दिवसांतून एकदां, ०.६२५ मिलीग्रॅम. अन्न बदलण्याला पांच आठवडे लागले, कारण मळमळत असतांना नवें अन्न पुढें केलें तर मांजर त्या अन्नालाच शत्रू मानतें. पण या एका बाबीला पुरावा चांगला आहे. इंग्लंडमध्यें २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत असलें अन्न खाणाऱ्या मांजरांचें निदानानंतरचें आयुष्य मध्यमानानें ६३३ दिवस भरलें, न खाणाऱ्यांचें २६४. दोन गट चिठ्ठ्या टाकून केलेले नव्हते. ज्यांनीं तें अन्न नाकारलें तींच दुसऱ्या गटांत गेलीं, आणि नाकारणारीं मुळांतच अधिक आजारी असूं शकतील. तरीहि एवढें अंतर दुर्लक्षण्याजोगें नाहीं.

पंधरा दिवसांनीं भूक पुरेशी सुधारली नाहीं म्हणून मिर्टाझापिन आलें, ७.५ मिलीग्रॅमच्या गोळीचा चतकोर, तोहि एक दिवसाआड. हें मूळचें माणसांच्या खिन्नतेवरचें औषध. मांजरांत तें भूक वाढवितें आणि ओकाऱ्या कमी करतें. अमेरिकेंत २०१८ साली त्याचें कानाला लावण्याचें मलमहि मान्य झालें. कांहीं मांजरें त्यानें वाचाळ होतात अशी सूचना मिळाली होती. पहिल्याच रात्रीं दोन वाजतां गौरीनें दिवाणखान्यांत बैठक मारून जो ख्याल आळविला, तो अण्णांच्या घरापर्यंत पोंचला. सकाळीं तिनें वाटी चाटूनपुसून स्वच्छ केली. आम्ही अण्णांची क्षमा मागितली, पण औषध थांबविलें नाहीं. कातडीखालीं द्यावयाच्या सलाइनची बाटली कपाटांत आहे. तिची वेळ आली म्हणजे ती निघेल, तोंवर नाहीं.

सहा महिने झाले. रक्तदाब १५० च्या आसपास असतो. फॉस्फरस ५ च्या खालीं आला. वजन ३.३ किलो. क्रिएटिनिन ३.५ आहे, म्हणजे ज्या आंकड्यासाठीं मी सात बाटल्यांचा संसार मांडला होता तो तसूभरहि खालीं आलेला नाहीं. पण ती गच्चींत उन्हाला बसते. फ्रिजवरचें वेळापत्रक मीं काढून टाकलें तेव्हां खालचा रंग फिकट पडलेला दिसला. त्यावर आतां पत्नीनें दुधाचा हिशेब लावला आहे.

सकाळीं गोळीचे चार तुकडे झाले कीं एक तुकडा मी तुपाच्या थेंबांत बुडवितों आणि हांक मारतों. टॉवेल लागत नाहीं. ती आईच्या पलंगावरून उतरते, अंग ताणते, मला थोडें ताटकळत ठेवते, आणि येते. मोठा तुकडा कोणत्या दिवशीं द्यावा हा प्रश्न मीं बाईंना विचारला होता. "सर, एवढ्यानें कांहीं बिघडत नाहीं," त्या म्हणाल्या. माझ्या स्वतःच्या पाकिटांतल्या इतर दोन गोळ्या कशासाठीं आहेत हेंहि मीं मागच्या महिन्यांत माझ्या डॉक्टरांना विचारलें. एक उरली.

शेवट मला ठाऊक आहे. तिसरी पायरी चौथीकडेच जाते. केव्हां तरी ती उन्हांत बसणार नाहीं, आणि त्या दिवशीं हा चतकोरहि यादींतून काढावा लागेल. आईच्या वेळीं मला ऐकूं आलें तें केवळ डबी भरली असल्याचें समाधान. या वेळीं डबी वाजविण्यापूर्वीं मी पलंगाकडे पाहीन, आणि "आज नको" असें कोणी म्हणत असेल तर तें ऐकूं येईपर्यंत हात आंवरून धरीन.